बाळाच्या जेवणातलं काय गोठवायचं आणि काय रोज शिजवायचं

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका आईने विचारलंय: बाळ सात महिन्यांचं होत आलं, पुढच्या महिन्यात बीकेसीतलं ऑफिस सुरू होणार. तीन दिवस बाळ सासूबाईंकडे, दोन दिवस पाळणाघरात. रविवारी आठवडाभराचं जेवण करून फ्रीजरला ठेवलं तर चालेल का? किती दिवस टिकेल? कशाकशाचं ठेवता येतं? आणि ‘फ्रीजमधलं शिळंपाकं माझ्या नातवाला नको’ असं सासूबाई म्हणतायत, त्यांना काय सांगू?

ठाण्यात लहान मुलांच्या आहाराचं काम करताना हा प्रश्न मला जवळपास नेहमी याच वयाच्या बाळांच्या आया विचारतात. त्याला कारण आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि जागतिक आरोग्य संघटना वरचं अन्न सुरू करायला सांगते तेही सहा महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे उष्टावण आणि ऑफिस एकाच महिन्यात दारात उभे. त्या गडबडीत फ्रीजर हाच तारणहार वाटू लागतो.

माझं उत्तर असं: गोठवा, पण जेवण गोठवू नका. भाजी, फळ, चिकन शिजवून, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये क्यूब करून गोठवा. तांदूळ, डाळ, नाचणी कोरडीच भरड करून डब्यात ठेवा. आणि त्या भरडीचं खिमट किंवा पेज रोज ताजी शिजवून त्यात फ्रीजरमधली एक क्यूब टाका. खिमटाला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवण्यासाठी पाच दिवसांची खिचडी गोठवण्यात अर्थ नाही, आणि का ते पुढे सांगते.

आधी तुमचा फ्रीजर बघा. अन्न गोठवून ठेवण्याचे जे महिने तुम्ही वाचता, ते सगळे उणे 18 अंश सेल्सिअस धरून लिहिलेले असतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एकदारी फ्रीज असतो आणि त्याच्या आत वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा. त्या कप्प्यात बर्फ होतो म्हणजे तो फ्रीजर झाला, असं धरू नका, कारण बर्फ शून्याला होतो. कप्प्याच्या दारावर किंवा माहितीपुस्तिकेत छोट्या चांदण्या छापलेल्या असतात: एक म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. (फ्रीजच्या बाहेर चिकटवलेलं तारांकित स्टिकर विजेच्या बचतीचं असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. दुकानदारसुद्धा यात गल्लत करतात.) चांदण्या सापडल्या नाहीत तर आइस्क्रीमचा फॅमिली पॅक ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी चमचा सहज रुतत असेल, तर तो कप्पा उणे 18 च्या आसपासही नाही. थर्मामीटर मिळतो काही शे रुपयांत, तो घेतलात तर उत्तमच.

एक चांदणीवाल्या कप्प्यात शिजवलेलं अन्न आठवडाभर ठेवा, दोनवाल्यात फार तर महिनाभर. दोनदारी फ्रॉस्ट फ्री फ्रीजच्या वरच्या भागात उणे 18 बहुधा मिळतं. फक्त तो मासळी, मटार आणि दिवाळीच्या उरलेल्या मिठाईने गच्च भरलेला नसावा, हवा फिरायला जागा हवी. एकदारी फ्रीजची आणखी एक अडचण म्हणजे दुधासाठी, कोथिंबिरीसाठी दिवसभरात जितक्यांदा दार उघडतं तितक्यांदा बर्फाच्या कप्प्यालाही गरम हवा लागते. आणि बर्फ साठला म्हणून कुणी डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की तुमच्या क्यूब गेल्या. त्या बटणावर कागदी टेप लावून ठेवा.

हे इतकं ताणून सांगायचं कारण म्हणजे गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. अन्न जसं आत गेलं, त्याहून चांगलं होऊन बाहेर येत नाही. म्हणून खरी परीक्षा फ्रीजरात नाही, शिजवल्यापासून फ्रीजरात जाईपर्यंतच्या वेळात आहे. आपल्याकडे पातेलं ओट्यावर झाकून ‘निवायला’ ठेवायची सवय असते. पाच ते साठ अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात, आणि झाकलेलं पातेलं त्याच पट्ट्यात तासन् तास रेंगाळतं. सर्वसाधारण नियम दोन तासांचा आहे, पण हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यातलं स्वयंपाकघर आठवा, म्हणजे यातलं काय लागू होतं ते कळेल.

करायचं सोपं आहे. वाटलेला गर स्टीलच्या ताटात पातळ पसरा, ते ताट बर्फाचं पाणी असलेल्या परातीत ठेवा, मधूनमधून ढवळा. पंधरावीस मिनिटांत कोमट होतं, मग झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करा आणि तिथून ट्रेमध्ये भरून फ्रीजरला. वाफाळतं पातेलं थेट फ्रीजरात घालू नका, शेजारच्या गोठलेल्या वस्तू वितळायला लागतात.

भात आणि खिचडी मी गोठवू देत नाही ते दोन कारणांनी. पहिलं सुरक्षिततेचं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. कुकरच्या शिट्ट्यांनीही ते सगळे मरतील असं नसतं. भात बाहेर हळूहळू निवत राहिला की ते जागे होतात आणि त्यांचं एक विष असं आहे की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. मोठ्या माणसाला उलट्या होऊन निभावतं, सात महिन्यांच्या बाळाला ते परवडत नाही. झटपट गार केलं तर धोका बराच कमी होतो हे खरं, पण मऊ भाताचा घट्ट गोळा झटपट गार होत नाही. दुसरं कारण चवीचं. शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळतो आणि पाणी सोडतो. खिचडी वितळली की कणीदार गोळे एकीकडे आणि पाणी एकीकडे. नाचणीची पेज तर विचारूच नका. बाळ तोंड फिरवतं आणि घरात चर्चा होते की ‘त्याला नाचणी आवडत नाही’.

त्यापेक्षा खिमट. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सुती कापडावर सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायची. थोडं जिरं घालायचं आणि मिक्सरमधून काढायचं. सुरुवातीला बारीक, आठव्या महिन्यापासून रव्यासारखं. दोन मोठे चमचे भरड, सव्वा-दीड वाटी पाणी, आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवायचं, वरून चमचाभर तूप. त्या एका चहाच्या चमचाभर तुपातून जवळजवळ 45 कॅलरी मिळतात, ते टाळू नका. एका वेळी पंधरा दिवस पुरेल एवढीच भरड करा. आपल्या खाडीकाठच्या पावसाळी हवेत पीठ दमट होतं, जाळी धरते. जून ते सप्टेंबर ही बरणी फ्रीजमध्येच ठेवा.

आणि पातळ करू नका. वरणाचं पाणी, भाताची पेज, गाजराचं पाणी हे प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आले, पण बाळाचं पोट दर किलो वजनामागे साधारण 30 मिलिलिटर. साडेसात किलोच्या बाळाचं पोट सव्वादोनशे मिलिलिटरला भरतं. ते पाण्यानेच भरलं तर डाळ कुठे जाणार? चमचा वाकडा केल्यावर अन्न लगेच ओघळू नये, इतपत घट्ट हवं. घट्ट खिमट बाळाला गिळवत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ अर्धा चमचा थोड्या पाण्यात कालवून शिजलेल्या खिमटात घाला आणि मिनिट-दोन मिनिटं उकळू द्या. मोडांमधला अमायलेज हा पाचक घटक स्टार्चचे तुकडे करतो, खिमट सैल होतं आणि पाणी वाढवावं लागत नाही.

आता गोठवण्याजोगं काय. लाल भोपळा, गाजर, रताळं, बीट, फरसबी उत्तम. वाफवायचं, वाटायचं, ट्रेत घालायचं. डिसेंबर-जानेवारीत जांभळी नाक्याला मटार आणि गाजर स्वस्त असतात तेव्हा हौस भागवा. मटाराची सालं मात्र आठव्या महिन्यापर्यंत चाळणीतून काढा. पिशवीतले गोठवलेले मटार तर आयतेच आहेत, ते शिजवून पुन्हा गोठवत बसू नका, मूठभर काढायचे आणि त्या दिवसापुरते शिजवायचे. सफरचंद, नाशपाती वाफवून चालतात. केळं, चिकू, पपई, अव्होकॅडो गोठवू नका, काट्याने कुस्करायला अर्धं मिनिट लागतं आणि गोठवलं तर केळं काळं पडतं. हापूसचा रस बिनसाखरेचा, क्यूब करून छान राहतो. वाशीच्या मार्केटमधून पेटी आणलीत तर घरच्यांच्या आमरसात साखर पडण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढा. बटाटा नको, चिकट-कणीदार होतो. दही, काकडी, उकडलेलं अंडं यांतलं काहीच नको. अंडं सकाळी दहा-बारा मिनिटांत उकडतं आणि पांढरं-पिवळं दोन्ही नीट शिजलेलं द्यायचं असतं.

पालकाचं वेगळं. पालेभाज्यांत नायट्रेट असतं आणि शिजवलेला पालक बाहेर किंवा दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राहिला की त्याचं नायट्राइट होत जातं. लहान बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजन वाहण्याच्या कामात ते आड येतं. सहा महिन्यांनंतर हा धोका कमी असतो, तरी पालक, चाकवत, बीट यांची प्युरी त्याच दिवशी संपवा किंवा लगेच गोठवा. मधला मार्ग नको.

फ्रीजरचा सगळ्यात चांगला उपयोग मला विचाराल तर चिकन आणि कलेजीसाठी. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार नसतं. चिकनच्या तंगडीचं मांस (छातीपेक्षा त्यात लोह जास्त) कुकरला मऊ शिजवून, त्याच पाण्यात वाटून क्यूब करा, म्हणजे बाळासाठी रोज वेगळी चूल मांडावी लागत नाही. कलेजीची क्यूब आठवड्यातून एकदाच, थोडीशी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याचाही अतिरेक वाईट. शाकाहारी घरात मसूर, मूग, चवळी शिजवून वाटून गोठवता येतात, डाळींचा गर चांगला टिकतो. खायला देताना लिंबाचे चार थेंब पिळा, वनस्पतींमधलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. मासे खाणाऱ्यांना, चेंदणी कोळीवाड्यातून ताजं पापलेट आणलंत तर वाफवून, बोटांनी चाचपून काटे काढून त्याच दिवशी द्या. मोरी (शार्क मासा) बाळाला नको, तिच्यात पारा जास्त असतो. कच्चं चिकन गोठवलेलं आणलं असेल तर ते वितळवून शिजवल्यावर पुन्हा गोठवायला हरकत नाही. मात्र शिजवलेली क्यूब एकदा वितळली की परत फ्रीजरात नाही.

ट्रे झाकणाची घ्या, नाहीतर दोन दिवसांत सगळ्याला कांद्याचा नाहीतर सुक्या बोंबलाचा वास. घट्ट झाल्या की क्यूब काढून झिप लॉकच्या पिशवीत, हवा दाबून काढून. पिशवीवर नाव आणि तारीख. लिहिल्याशिवाय आत ठेवू नका, कारण गोठलेला भोपळा आणि गोठलेला आंबा ओळखून दाखवणारी आई मला अजून भेटलेली नाही. ट्रेच्या एका खणात किती चमचे पाणी मावतं ते एकदा मोजा. बहुतेक ट्रेत चहाचे तीन-चार चमचे मावतात. सात महिन्यांच्या बाळाला एका जेवणात खिमटासोबत एक-दोन क्यूब पुरतात. या वयात दिवसाला दोन-तीन जेवणं, एका वेळी दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत अर्ध्या मोठ्या कपापर्यंत, आणि मागेल तेव्हा आईचं दूध. नऊ महिन्यांनंतर तीन-चार जेवणं.

मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग आणि भांड्याच्या पात्याखालची जागा प्रत्येक वेळी घासा. काल तिथे मिरचीचं वाटण झालेलं असतं.

किती दिवस, हा प्रश्न राहिला. उणे 18 ला भाज्या-फळं सहा ते आठ महिने आणि मांसाहार एक-दोन महिने ठेवता येतो, असे आकडे सगळीकडे मिळतील. मी सांगते तीन-चार आठवडे. त्याचं कारण बाळ आहे, फ्रीजर नाही. आज जी गुळगुळीत प्युरी त्याला हवी, ती दीड महिन्याने नको असते. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला गाठी, कण, बोटाने दाबता येईल असा तुकडा मिळायला हवा. दहाव्या महिन्यानंतरच गाठींचं अन्न मिळालेल्या मुलांत पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या, असं अभ्यासात आढळलं आहे. फ्रीजर भरून गुळगुळीत प्युरी असेल तर ती संपवायच्या नादात हा टप्पा टळतो. ‘एवढं केलंय, वाया का घालवू’ असं म्हणत दहा महिन्यांच्या मुलाला मिक्सरमधलं भरवणारी घरं मी पाहते. म्हणून दर रविवारी थोडं करा आणि दर पंधरवड्याला वाटणं जाडसर करत जा. बाळाने अजून चाखलेलंच नाही अशा पदार्थाचा ट्रे भरू नका. आधी दोन-तीन दिवस थोडं थोडं ताजं देऊन बघा, अंगावर काही उठत नाही ना, पोट ठीक आहे ना, मग साठवा.

मीठ, साखर, गूळ वर्षाच्या आत नको. मध तर चाटणातूनही नाही, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

वितळवायचं कसं? रात्री दुसऱ्या दिवसापुरत्या क्यूब झाकणाच्या वाटीत काढून खालच्या कप्प्यात ठेवा, चोवीस तासांत संपवा. विसरलात तर गोठलेली क्यूब थेट उकळत्या खिमटात टाका, उलट तेच जास्त सोयीचं. ओट्यावर वितळत ठेवायची नाही. सगळं एकदा खळखळून वाफ येईपर्यंत तापवायचं आणि मग कोमट करायचं. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एखादा भाग चटका लागण्याइतका गरम राहतो, म्हणून ढवळून, मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाच्या वाटीत उरलेलं टाकून द्या. चमच्यासोबत लाळ त्यात गेलेली असते. म्हणून वाटीत थोडंच घ्यावं, लागलं तर स्वच्छ चमच्याने पुन्हा वाढावं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. सकाळचा भात दुपारी बाळाला, हे त्यांना चालत नाही आणि चालूही नये. त्यांना सांगा की खिमट तुम्हीच अकरा वाजता ताजं करायचं, मी फक्त भाजी सोलून, शिजवून, वाटून ठेवलीय. एवढ्यावर बहुतेक आज्या तयार होतात. भरड भाजायचं कामही त्यांच्याकडेच द्या. खमंग भाजणं मिक्सरवाल्या पिढीला जमतंच असं नाही.

पाळणाघराच्या दोन दिवसांसाठी मात्र वेगळं गणित. तिथे शिजवणार कोण, हे आधी विचारा. शिजवत असतील तर भरड आणि आइस पॅकसोबत इन्सुलेटेड पिशवीतून गोठलेली क्यूब द्या, पोचताच ती त्यांच्या फ्रीजमध्ये गेली पाहिजे. शिजवत नसतील तर थर्मास. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओता आणि उकळतं खिमट काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. तीन-साडेतीन तासांनी उघडल्यावर वाफ दिसली पाहिजे. कोमट निघालं तर ते बाळाला भरवू नका, असं ताईंना स्पष्ट सांगा. डब्यावर भरल्याची वेळ लिहा.

दुरुस्तीसाठी वीज बंद असेल त्या दिवशी दार उघडू नका. वेगळा, गच्च भरलेला डीप फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. तुमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याकडून एवढी अपेक्षा नको. मे महिन्यात गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. नाणं तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, बाळाचं सगळं टाकून द्या आणि त्या दिवशी खिमटात वाफवलेला ताजा भोपळा कुस्करा.